कुदळाई प्रसन्न

एका जंगलात सगळ्यांना नखं होती, खूर होते, सुळे होते. पण कुदळ एकट्या गेनबा अस्वलाकडे होती.

मुलांनो, कुदळ म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक असेलच. नसेल तर आईबाबांना विचारू नका, त्यांनाही ठाऊक नसेल. लोखंडाचं एक जाडजूड पातं, त्याला भोक आणि भोकात लाकडी दांडा. झालं. एवढ्यानं जमीन खणता येते. अस्वलाला लोखंड कुठून मिळालं, असं विचारायचं नाही. गोष्टीत असलं विचारत नाहीत.

दांडा मात्र गेनबानं स्वतः बसवला होता. धावड्याचं सरळ लाकूड शोधलं, सावलीत वाळवलं, काचेनं घासून गुळगुळीत केलं आणि त्याला पोटभर करंजाचं तेल पाजलं. पाचर अशी ठोकली की पातं तसूभर हलायचं नाही. ती कुदळ हातात घेतली की काम हलकं व्हायचं. मुरमात घातली तरी हाताला झिणझिण्या येत नसत, की कंबर धरत नसे.

गेनबाच्या छपरात खोरं होतं, पहार होती, विळा होता, करवत होती. पण ती सगळी नुसती अवजारं. जीव होता तो कुदळीवर. संध्याकाळी तो तिला पुसून ठेवायचा तेव्हा तिच्याशी चार शब्द बोलायचा. आपल्याशी बोलायला मात्र त्याला दोन शब्द सापडत नाहीत, असं त्याच्या बायकोचं, ठकूबाईचं म्हणणं होतं.

आता ज्याच्याकडे चांगलं अवजार असतं, त्याच्याकडे शेजारीही चांगले असतात. रोज येतात.

जंगलात मागायची एक रीत होती. आल्या आल्या काही मागायचं नाही. आधी बसायचं. तब्येत विचारायची. पाऊसपाण्याचं बोलायचं. निघायला उठायचं, दारापर्यंत जायचं आणि मग कपाळावर हात मारून म्हणायचं, "बघा, इसरलोच! ती कुदळ जरा द्या की."

आणि देणाऱ्यानं नाही म्हणायचं नाही. शेजारधर्म!

चिंधू ससा तर दर दोन-चार दिवसांनी यायचा. "अरे, तुमच्या सात पिढ्या बिळं खणण्यात गेल्या," गेनबा एकदा न राहवून म्हणाला. "तुला कुदळ कशाला रं?"

"पिढ्यांचं राहू द्या, गेनबा," चिंधू म्हणाला. "सूनबाई शिकलेली हाय. नखानं खणायला लाजती."

हैबतराव रानडुक्कर स्वतः येत नसत, निरोप पाठवत. गेनबानं त्यांच्या सुळ्यांची आठवण करून दिली, तेव्हा ते भयंकर रागावले. "घराण्याचे सुळे हैत हे! लग्नाकार्यात मिरवायचे. मातीत घालू व्हय?"

कुदळ जायची ती सशाकडे. सशाकडून घोरपडीकडे, घोरपडीकडून तरसाकडे. कुदळ सारं जंगल हिंडून यायची आणि गेनबा घरी बसून राहायचा. परत यायची ती बोथट होऊन. एकदा तर दांडा मोडूनच आली. चिंधूनं दोन्ही तुकडे नीट जोडीनं उभे केले आणि गेनबाची समजूत काढली. "दांडा कधी ना कधी मोडणारच व्हता. माझ्या हातून मोडला म्हणून बरं. परक्या माणसानं सांगितलंबी नसतं."

गेनबानं पुन्हा धावडा शोधला, पुन्हा वाळवला, पुन्हा घासला.

या सगळ्यात एक काम मागं पडलं होतं आणि ते नेमकं ठकूबाईचं होतं. गेनबाच्या घरामागं केळीची बाग होती. ओढा होता लांब. ओढ्यापासून बागेपर्यंत पाट खणून पाणी आणायचं, असं गेनबानं लग्नात कबूल केलं होतं. पाटाला सुरुवातही झाली होती. एक अस्वल आडवं झोपेल एवढा पाट खणून तयार होता आणि दुपारी गेनबा त्यात खरोखरच झोपायचा. कुदळ घरी नसल्यावर दुसरं करणार काय? तोवर ठकूबाई डोक्यावर घागर घेऊन ओढ्याच्या खेपा घालायची.

एके दिवशी तिनं घागर दाणकन खाली ठेवली.

"दिवाळीला म्या माहेरी जाणार," ती म्हणाली. "त्याच्या आत पाटाला पानी आलं तर परत येईन. न्हाय आलं तर तुमी आन् तुमची ती कुदळ. सुखानं नांदा."

ठकूबाई बोलायची कमी आणि बोलली की करायची.

तेवढ्यात नवरात्र आलं. खंडेनवमीला जंगलातही अवजारं पूजतात. गेनबानं सगळी अवजारं घासून लख्ख केली. कुदळीला चौरंगावर मांडलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, मधाचा नैवेद्य दाखवला. त्या दिवशी अवजाराला काम सांगायचं नसतं. दुसऱ्या दिवशी अक्षता टाकून पूजा हलवायची आणि मग अवजार उचलायचं. पूजा हलवल्याशिवाय हात लावला तर पाप लागतं.

गेनबानं रात्री नैवेद्याचा उरलेला मध संपवला. दसऱ्याला तो जो उशिरा उठला, तो पूजा हलवायचं साफ विसरला.

सकाळीच चिंधू ससा आपट्याची पानं घेऊन आला. "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा," म्हणाला. बसला. तब्येत विचारली. पाऊसपाण्याचं बोलला. उठला, दारापर्यंत गेला, कपाळावर हात मारला आणि कुदळीकडे वळला. तिच्यावरचं हळदकुंकू पाहून तो दोन पावलं मागं सरला.

"अजून पूजा हलवली न्हाय वाटतं?"

गेनबा भोळा. तो म्हणणार होता, "इसरलो की रं." पण ठकूबाईनं त्याच्या पायावर पाय दिला.

"न्हाय हलवली," ती म्हणाली. "औंदा नवस हाय. इतक्यात हलवायची न्हाय."

चिंधूनं कुदळीला हात जोडले आणि रिकाम्या हातानं घरी गेला. असं जंगलात आजवर कधी घडलं नव्हतं.

गेनबा आनंदानं अंगणात दोन कोलांट्या मारून आला. आता कुदळ घरात राहणार! गुपचूप पूजा हलवायची, पाट खणायचा, संध्याकाळी पुन्हा हळदकुंकू लावून ठेवायचं. कुणाच्या बापाला कळणार नाही.

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी तो अक्षता घेऊन छपरात शिरला. पाहतो तर चौरंगासमोर बापूसाहेब कोल्हे डोळे मिटून बसलेले. शेजारी नारळ.

"गेनबा," बापूसाहेब डोळे न उघडता म्हणाले, "नवसाची देवी आहे असं ऐकलं. कुणी तिला हलवायला तर आलेलं नाही ना?"

"छे, छे," गेनबा म्हणाला आणि अक्षता तोंडात टाकल्या.

बापूसाहेब हे जंगलातले कार्यकर्ते. कुठलंही कार्य असो, ते कर्ते. कुदळीला त्यांनी 'कुदळाई' हे नाव दिलं, तेव्हापासून गेनबाचं छप्पर उरलं नाही, देवस्थान झालं. मग देवस्थानाचं मंडळ झालं आणि मंडळाचे अध्यक्ष झाले बापूसाहेब. हैबतरावांनी मांडव घातला. टिटव्यांनी आरती म्हणायला घेतली ती थांबायलाच तयार होईनात. चिंधूच्या सूनबाईचा पाय मुरगळला होता, तो कुदळाईच्या अंगाऱ्यानं बरा झाला. तो तसाही बरा होणार होता, पण मग अंगाऱ्याला काम काय उरलं?

गेनबाचाही मान ठेवण्यात आला. त्याला अंगण झाडायचा मान मिळाला.

बिचारा रोज अंगण झाडायचा आणि दुपारी नखांनी पाट खणायचा. नखं झिजली, बोटं सुजली, पाट हातभर पुढं सरकला. मांडवात कुदळ झेंडूखाली झाकून गेली होती. गेनबा लांबून तिच्याकडे बघायचा. चुकलास गेनबा, असं ती म्हणते आहे असं त्याला वाटायचं.

दिवाळी तोंडावर आली. ठकूबाईनं गाठोडं बांधायला काढलं. लुगडी ठेवली, फणी ठेवली, घागर मात्र बाहेरच राहू दिली. ती घागर पाहून गेनबाला रडू आलं. अस्वलं रडत नाहीत असं पुस्तकात लिहिलेलं असतं. ज्यानं ते लिहिलं, त्याची बायको माहेरी निघालेली नव्हती.

तो तसाच डोळे पुसत बापूसाहेबांकडे गेला. "पूजा हलवा," म्हणाला. "माझी कुदळ मला द्या. माझा संसार मोडतोय."

"देवी कुणा एकट्याची नसते," बापूसाहेब म्हणाले. "तरी तुमच्या समाधानासाठी कौल लावू. देवी बोलेल तसं करू."

सारं जंगल मांडवात जमलं. बापूसाहेबांनी कुदळीच्या पात्याला ओल्या कुंकवानं दोन फुलं चिकटवली. उजवं फूल आधी पडलं तर देवी हलायला तयार, डावं पडलं तर नाही. टिटव्यासुद्धा गप्प झाल्या. गेनबा हात जोडून अगदी पुढं बसला. मागं दारात ठकूबाई गाठोडं घेऊन उभी होती.

फुलं काही पडेनात. पडणार कशी? रोजच्या नैवेद्याचा मध पात्यावर ओघळला होता आणि फुलं त्यात घट्ट बसली होती. सगळे वाट पाहत बसले. मधाच्या वासानं डोंगळ्यांची एक रांग मात्र चौरंगाकडे निघाली. वाटेत गेनबा होता. एक मोठा डोंगळा त्याच्या अंगावर चढला आणि अशा जागी चावला की ती जागा मी तुम्हाला सांगणार नाही.

"आई आई गं!" गेनबा किंचाळला. तो उडाला, गरगर फिरला, थरथर कापला, घुमायला लागला.

"आली!" चिंधू ओरडला. "देवी आली अंगात!"

धडाधड सगळे पाया पडले. हैबतराव सुळे जमिनीला टेकवून विचारू लागले, "आई, काय चुकलं आमचं? काय पायजे तुला?"

डोंगळा पळून गेला होता. गेनबाला आता थांबता आलं असतं. पण घुमता घुमता त्याला समोर काय दिसलं? ओणवं झालेलं अख्खं जंगल. नखंच नखं, खूरच खूर, सुळेच सुळे. आणि त्यांच्या मागं, दारात, गाठोडं.

"पाणी!" गेनबा घुमत म्हणाला.

"घागर आणा रे!" बापूसाहेब ओरडले.

"घागरीचं न्हाय!" गेनबानं आवाज चढवला. "ओढ्याचं पायजे. आपल्या पायानं माझ्या दारी आलेलं. अवजार लावाल तर खबरदार! ज्यानं त्यानं आपल्या नखानं, आपल्या सुळ्यानं खणायचं!"

"आणि पूजा? हलवायची?" बापूसाहेबांनी भीत भीत विचारलं.

गेनबानं कुदळीकडे पाहिलं, मग गर्दीकडे पाहिलं. मगाशी ज्या कुदळीसाठी तो रडत होता, ती आता त्याला जिथं होती तिथंच छान दिसली. "हात तर लावून बघा!" तो गरजला.

मुलांनो, त्या दिवशी जंगलानं जी माती काढली तशी ना आधी निघाली, ना नंतर. चिंधूच्या सात पिढ्यांचं कसब एका दुपारी बाहेर आलं. शिकलेली सूनबाई सगळ्यांच्या पुढं खणत होती. हैबतरावांच्या घराण्याच्या सुळ्यांनी मोठमोठे दगड उपटले. कुदळाईच्या नावानं चांगभलं, असा गजर चालला होता. एवढ्या वेळात एकट्या कुदळीनं याच्या पावपटही पाट खणला नसता. संध्याकाळी खळखळत पाणी आलं, चौरंगाचे पाय धुऊन पुढं गेलं. एवढं तीर्थ वाया कसं घालवायचं? म्हणून ते केळीच्या बागेत सोडण्यात आलं. बापूसाहेबांनी आपण घेतलेल्या कष्टांबद्दल भाषण केलं.

गेनबा पळत ठकूबाईकडे गेला. तिनं गाठोडं उचललं होतं.

"आता कुठं निघालीस?"

"माहेरी."

"अगं, पाटाला पानी आलं की!"

"म्हणून तर निवांत जाते," ठकूबाई हसत म्हणाली. "इतकी वर्सं चार दिसांच्या वर राहता आलं न्हाय. केळीला पानी कोन घालणार? आता महिनाभर राहीन म्हणते. घागर घासून पालथी घाला."

ती गेली. आणि खरोखरच आली. येताना देवीचं दर्शन घ्यायला आई, वडील, तीन भाऊ, भावजया आणि त्यांची पिल्लं अशी माहेरची सगळी मंडळी घेऊन आली. त्यांना राहायला घरात जागा नव्हती. निदान दोन खोल्या तरी वाढवायला हव्या होत्या.

गेनबानं अंगण झाडता झाडता थोडा विचार केला, झाडू बाजूला ठेवला आणि आरतीच्या वेळी मांडवात जाऊन घुमायला लागला. या खेपेला डोंगळा लागला नाही.

तात्पर्य: चांगल्या अवजारानं काम सोपं होतं हे खरं आहे. पण अवजार हातात धरलं तर काम आपल्यालाच करावं लागतं. तेच चौरंगावर मांडलं तर शेजारी करून जातात आणि वर नारळही ठेवतात.