घंटेचे वांगे झाल्याबाबत

सन १९७४ च्या फेब्रुवारीत हिंगणवाडीच्या प्राथमिक शाळेची वार्षिक तपासणी झाली आणि तीत शाळेच्या पितळी घंटेचे वांगे झाले. या घटनेला पुरावा आहे. तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यांनी ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आणि शेरेबुकात स्वतःच्या हाताने लिहून ठेवली.

शाळेचे मुख्याध्यापक विष्णुपंत यांना जादूच्या प्रयोगांचा नाद होता. पेटीत एक वस्तू ठेवायची आणि दुसरी काढायची, एवढेच ते करीत. पण मुलांना नीट बघायला शिकवण्यासाठी याहून चांगले साधन नाही, असे त्यांचे मत होते. आज प्रयोग दाखवायचा, उद्या मुलांनी तर्क लढवायचे, परवा पेटी उघडून त्यांच्या हातात द्यायची, असा त्यांचा क्रम असे.

पेटी साधी होती. आतून सगळी काळी, मधल्या काळ्या फळीने दोन खण झालेले, पुढच्या आणि मागच्या बाजूला सारखीच झाकणे. एका खणात वांगे आधीच ठेवायचे. दुसऱ्यात सर्वांसमक्ष घंटा ठेवायची. मग वरून चादर टाकता टाकता पेटी फिरवायची, म्हणजे मागचा खण पुढे येतो. काळ्यावर काळे असल्यामुळे मधली फळी ही पेटीची पाठच वाटते. घंटेने मध्येच बोलू नये म्हणून तिच्या लोळ्याला कापूस गुंडाळायचा. शाळेतली तिसरीची मुले हे करून दाखवत.

तपासणी संपल्यावर विष्णुपंतांनी साहेबांच्या करमणुकीसाठी हा प्रयोग केला. साहेब म्हणजे शिक्षण विस्तार अधिकारी सयाजीराव. सरळ मनाचे गृहस्थ. झाकण उघडताच आत टपोरे वांगे पाहून ते खुर्चीतून अर्धे उठले. आता वांग्याची पुन्हा घंटा करायची, तोच सांगलीची एसटी आल्याची वर्दी आली. पुढची गाडी दुसऱ्या दिवशी होती. सयाजीरावांनी घाईघाईने शेरेबुक ओढले आणि लिहिले : 'मुलांचे पाढे बरे. मुतारीस दार नाही. शाळेच्या घंटेचे वांग्यात रूपांतर झाले, समक्ष पाहिले. पूर्तता करावी.'

शेवटचे दोन शब्द ते प्रत्येक शेऱ्याखाली सवयीने लिहीत.

साहेब गेले. विष्णुपंतांनी घंटा काढून खुंटीला लावली. वांगे घरी नेले. पत्नी अनसूयाबाईंनी त्याचे भरीत केले. ते चांगले झाले होते.

महिन्याभराने तालुक्याच्या कार्यालयातून पत्र आले : शेऱ्यातील मुद्दा क्रमांक तीनची पूर्तता केल्याचा अहवाल अद्याप अप्राप्त आहे. विष्णुपंतांनी सविस्तर उत्तर लिहिले, पेटीची आकृतीही काढून जोडली आणि घंटा जागेवरच असल्याचे कळवले. त्यावर उत्तर आले :

'सदर घंटेचे वांगे झाल्याचे जबाबदार अधिकाऱ्याने समक्ष पाहिले आहे. तरी आपल्याकडे सध्या वाजत असलेली घंटा कोणाची, याचा खुलासा करावा. तोपर्यंत ती वाजवू नये. आकृती परत पाठवीत आहोत.'

घंटा कपाटात गेली. शाळा सुटण्याची वेळ मुलांना आपोआप कळे. भरण्याची मात्र कळेना.

एप्रिलमध्ये कार्यालयातले कारकून नानासो जडवस्तूंची नोंदवही काखेत मारून विष्णुपंतांच्या दारात उभे राहिले.

"गुरुजी, वांगं काढा."

"कोणतं वांगं?"

"घंटेचं. नोंदवहीत घंटा कमी केली, वांगं जमा केलंय. आज पडताळणी हाय."

"नानासो, ते वांगं त्याच संध्याकाळी भाजलं आमच्याकडं."

नानासोंनी पेनाला टोपण लावले. "म्हंजे शाळेचं वांगं खाल्लं तुमी?"

अनसूयाबाई आतून बाहेर आल्या. "भरीत केलं. तुम्ही काय केलं असतंत? कपाटात ठेवलं असतंत?"

"व्हय. वैनी, हुकूम आल्याबिगर सरकारी वस्तूचा देठसुद्धा काढता येत न्हाई."

"आणि नासलं असतं तर?"

"तर नासलेलं दाखवायचं. नासायला हरकत न्हाई. कमी पडायला हरकत हाय."

"अहो, ती घंटा बघा ना," विष्णुपंत म्हणाले. "समोर शाळेच्या कपाटात आहे."

नानासोंनी तिकडे मान वळवली नाही. "बघून काय करू, गुरुजी? ती कुणाची त्येच अजून ठरलं न्हाई."

आता विष्णुपंत घाबरले. एकतीस मेला ते निवृत्त होणार होते. वाईला खोली बघून ठेवली होती, अनसूयाबाईंनी ट्रंका भरल्या होत्या. पण नोंदवहीतल्या सगळ्या वस्तू दाखवून शाळेचा चार्ज दिल्याशिवाय सुटका नव्हती. निवृत्तीच्या कागदांवर 'एक वांगे येणे' असा शेरा पडला की ते कागद पुढे कोणत्याही टेबलावरून हलणार नव्हते. चौतीस वर्षांची नोकरी एका भरतात जात होती.

ते सयाजीरावांना भेटले. "साहेब, शेऱ्यात एकच ओळ वाढवा. हा जादूचा प्रयोग होता, म्हणून."

सयाजीराव खरोखर हळहळले. "विष्णुपंत, माझी इच्छा आहे हो. पण मी जे पाहिलं ते लिहिलं. वांग्याची परत घंटा झालेली मी पाहिली का?"

"नाही. तुमची गाडी आली होती."

"मग न पाहिलेलं कसं लिहू? तुम्ही दाखवा, मी लिहितो."

त्याप्रमाणे मेच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळी अकरा वाजता, शाळेच्या ओसरीवर फेररूपांतराचा कार्यक्रम ठरला. सयाजीराव, नानासो आणि पंच म्हणून गावचे पोलीस पाटील आकारामआप्पा यांची समिती नेमण्यात आली. पहिल्या मुद्द्यावरच नानासो अडले : आणलेले वांगे मूळचेच कशावरून? आकारामआप्पांनी वांगे हातात घेऊन फिरवून पाहिले.

"त्येच हाय. आमच्या रानातलं हाय, मी वळकतो त्येला."

"आप्पा, तीन महिने झालं त्येला."

"मग? जरा ताजं झालंय."

तसे नमूद करण्यात आले.

विष्णुपंतांना एवढ्यावर गप्प बसता येत होते. पण चौतीस वर्षे शिकवलेल्या माणसाला समोर तीन माणसे बसलेली दिसली की राहवत नाही. त्यांनी दोन्ही झाकणे उघडली. मधली फळी दाखवली. एका खणात घंटा, दुसऱ्यात वांगे ठेवून पेटी सावकाश फिरवली. सयाजीरावांना स्वतः फिरवायला लावली. "समजलं?" त्यांनी विचारले.

"समजलं," तिघेही म्हणाले.

"म्हणजे मुळात घंटेचं वांगं झालंच नव्हतं."

"अगदी बरोबर," सयाजीराव म्हणाले. "आता वांग्याची घंटा करा."

विष्णुपंतांनी चादर टाकली, पेटी फिरवली, झाकण उघडले. घंटा पाहून तिघांनी टाळ्या वाजवल्या. आकारामआप्पांनी तर पेटीला हात जोडले. पंचनामा झाला : 'वांग्याचे घंटेत पूर्ववत रूपांतर झाले, समक्ष पाहिले. वांगे शिल्लक नाही.' तिघांच्या सह्या झाल्या. मग अनसूयाबाईंनी पेटीच्या मागच्या खणातले वांगे काढून नेले आणि समितीला भरीत-भाकरी वाढली. नानासोंनी दोनदा मागून घेतले.

एकतीस तारखेला नव्या मुख्याध्यापकांनी घंटा मोजून घेतली आणि चार्ज पुरा झाला. निघताना विष्णुपंतांनी पेटी शाळेलाच दिली. निरोपाला आलेल्या मुलांत चौथीतली चंद्रा होती.

"गुरुजी," ती म्हणाली, "घंटा तर घंटाच हुती की. मग सायबांनी सही कशावर केली?"

गुरुजी म्हणाले, "मोठी झालीस की हा प्रश्न सुटेल, नाहीतर पडायचा बंद होईल."

चंद्राला हे पटले नाही. ती लहान होती. तुमचे तसे नाही. पेटीत दोन खण आहेत आणि घंटा आत तशीच असते, हे तुम्हाला सुरुवातीलाच सांगितले होते. तरीही नानासो दारात उभे राहिले तेव्हा, अनसूयाबाईंनी ते वांगे भाजायला नको होते, असे तुमच्या मनात येऊन गेले.