एका चौकोनात किती तुकड्या

लालबागच्या एका चाळीत चौदा नंबरची खोली रिकामी झाली आणि तिच्यासाठी दोन अर्ज आले. पहिला अर्ज हितेंद्र घाडीचा. लग्नाला आठ महिने झाले होते आणि दहा बाय पंधराच्या खोलीत माणसं सात. बायकोशी, म्हणजे श्रेयाशी, काही खासगी बोलायचं तर दोघं एकाच चटईवर बसून एकमेकांना मेसेज करत. दुसरा अर्ज गिरणीतून निवृत्त झालेल्या धोंडू परबांचा. त्यांना भजनी मंडळाची पेटी आणि पखवाज ठेवायला जागा हवी होती.

चिठ्ठ्या टाकायची सोय नव्हती. मागे एकदा टाकल्या होत्या, तेव्हा अर्धी चाळ उरलेल्या अर्ध्या चाळीशी तीन वर्षं बोलत नव्हती. तेव्हा हितेंद्रने सुचवलं की निकाल खेळावर लावा. खेळ त्याचा स्वतःचाच होता. कॅरमच्या पाठीवर आखलेले शंभर चौकोन, सोंगट्यांवर चिकटवलेलं पायदळ, घोडदळ आणि हत्ती, आणि पाळीपाळीने लढाई; समोरच्याची राजधानी पडली की खेळ संपला. स्वतः बनवलेल्या खेळात माणूस हरत नाही, असा बिचाऱ्याचा समज होता.

चाळसमितीचे चिटणीस रमाकांत सबनीस सरकारी कचेरीतून निवृत्त झाले होते. कचेरी त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. त्यांनी नियमांवर रीतसर हरकती व सूचना मागवल्या. पहिला नियम वाचला गेला: एका चौकोनात एकच तुकडी, म्हणजे एकच सोंगटी.

"असो नियम खंय असता?" धोंडूकाका उठले. "माझ्या खोलीत नऊ जणां रवतत. कोण मेलो नाय."

"काका, ही लढाई आहे. सगळे एका ठिकाणी कोंबले तर समतोल राहत नाही," हितेंद्र म्हणाला.

"खोलीत रवता, ता चौकोनात कित्याक रवाचा नाय?"

सभा धोंडूकाकांकडे झुकली. हितेंद्रने एक पाऊल मागे घेतलं. ठीक आहे, तुकड्या एकत्र ठेवा. पण तीनपेक्षा जास्त झाल्या तर ताकद निम्मी. कोपराला कोपर लागून त्या शत्रू येण्याआधी आपसातच भांडतील, असं त्याने समजावलं.

आता त्याची आईच उठली. कमलबाई सभेत कधी बोलत नसत.

"म्हणजे आपण सात जण, तर आपण निम्मे? ह्याच खोलीत मी तीन मुलं वाढवली, दोन नणंदांची लग्नं लावली. आणि गर्दीने माणूस दुबळा होतो, हे तू सुनेसमोर सांगतोस?"

टाळ्या कडाडल्या. रमाकांतांना गहिवरून आलं आणि त्या भरात त्यांनी ठराव लिहिला: 'जो न्याय खोलीला, तोच चौकोनाला. तुकड्या जितक्या जास्त, तितकी प्रत्येकीची ताकद जास्त. तीनपेक्षा कमी तुकड्यांचा चौकोन दुर्बळ समजून गर्दीच्या चौकोनातून तिथे तातडीने कुमक पाठवावी.' ठराव एकमताने मंजूर झाला. ज्येष्ठ नागरिक म्हणून धोंडूकाकांना पहिली पाळी मिळाली आणि गुडघे दुखतात म्हणून लगोलग दुसरीही.

रविवारी सामना झाला. पहिल्या पाळीत धोंडूकाकांनी आपल्या वीसच्या वीस सोंगट्या एकावर एक रचल्या. सगळ्यांत वर हत्ती होता आणि तो डुगडुगत होता. दुसऱ्या पाळीत त्यांनी तो मनोरा दोन्ही हातांनी उचलला आणि हितेंद्रच्या राजधानीवर ठेवला. बेरीज झाली, राजधानी पडली. हितेंद्रची पहिली पाळी यायची ती राहूनच गेली. चार वर्षं त्याने या खेळाचा समतोल घासूनपुसून नीट केला होता. त्याला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. चौदा नंबरमध्ये संध्याकाळीच पेटी वाजली.

हितेंद्रने मात्र ठरावाची प्रत मागून घेतली आणि ती तीनदा वाचली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आणि श्रेया गादीची वळकटी घेऊन रमाकांतांच्या दारात उभे राहिले. रमाकांतांच्या दोन खोल्या होत्या, मधली भिंत पाडून एक केलेल्या, आणि त्यात राहणारे दोघंच: ते आणि त्यांच्या पत्नी सुनेत्राबाई.

"काका, तुमचा चौकोन दुर्बळ आहे. कुमक आणलीय."

"अरे, ते खेळापुरतं होतं."

"तसं लिहिलेलं नाही. अक्षर तुमचंच आहे."

रमाकांत पोटकलम शोधत राहिले. सुनेत्राबाईंनी तोवर श्रेयाच्या हातातली उशी घेतली होती.

"या आत. अकरा वर्षं आम्ही दोन तुकड्या समोरासमोर बसलोय. पाळी कोणाची, तेच कळत नाही."

ठराव आता आसपासच्या इमारतींतही फिरतो आहे. गर्दीत ताकद असते, याबद्दल वाचणाऱ्या प्रत्येकाचं एकमत आहे. तुमचंही असेलच, हितेंद्रच्या बाजूने हसत इथवर आलात. दुर्बळ चौकोन शोधणारी तपासणी उपसमिती सकाळी दहाला तुमच्याकडे येईल. तुमची ती पाहुण्यांसाठी म्हणून राखलेली, आणि एकाही पाहुण्याला अजून उघडून न दिलेली खोली तेवढी झाडून ठेवा.