मारियामातेची दाढी

आमच्या रोक्कामेल्लात सगळ्यात जुनं काय, असं कुणी विचारलं तर मी घंटाघराकडे बोट दाखवत नाही. वेशीजवळच्या भिंतीवर मारियामाता रंगवलेली आहे, तिच्याकडे दाखवते. तिला रंग लावायचा मान आमच्या घराचा! सासूने सुनेच्या हाती ब्रश द्यायचा, आणि सुनेने आयुष्यात एकदा तिचा पदर उजळायचा, गाल गुलाबी करायचे. गल्लीतल्या गरोदर बायका त्या पदराला हात लावल्याशिवाय बाळंत होत नाहीत.

म्हणून गावातल्या जुन्या वास्तूंना फलक लावायचं ठरलं, तेव्हा मीच महापौरांच्या टेबलावर हात आपटला. "पहिला फलक आमच्या मातेला! पाचशे वर्षांची आहे. हवं तर तपासून घ्या!"

घेतली की हो त्यांनी तपासून!

शहरातून लुदोविका आली. जुनी चित्रं साफ करणारी पोरगी. शिडीवर चढून तिने मातेची हनुवटी कापसाच्या बोळ्याने पुसायला घेतली. खाली अख्खी गल्ली खुर्च्या टाकून बसलेली.

"आजी, इथे केस दिसताहेत."

"ब्रशचे गळाले असतील."

"नाही आजी. दाढी आहे."

समोरच्या घरातली पाल्मिरा ताडकन उठली. तिचं नि माझं चाळीस वर्षांत पटलेलं नाही. "दोमितिल्ला, काय रंगवून ठेवलंय गं तुमच्या घराने?"

तोवर लुदोविकाने चित्रातल्या मातेच्या मांडीवरच्या बाळाचं तोंड पुसलं. बाळाला नाकाड निघालं! कोटाच्या बटणासारखं, दोन भोकांचं! आमच्या मातेखाली संत अंतोनियो निघाले, गुराढोरांची राखण करणारे, आणि त्यांच्या गुडघ्यावर पुढचे पाय टेकून उभं त्यांचं डुक्कर!

"पाच बाळंतपणं झाली माझी!" पाल्मिरा किंचाळली. "पाचही वेळा मी डुकराच्या पाया पडले?"

"तरीच म्हटलं, तुझा थोरला गेलाय कुणावर!"

गल्ली खो खो हसली. मग लुदोविका म्हणाली, "संत खरोखर पाचशे वर्षांचे आहेत. वरचा रंग सगळा उतरवला तर पूर्ण दिसतील. उतरवू?"

हसणं थांबलं. माझ्या सुनेला, लोरेदानाला, सातवा महिना लागलेला. ती पोटावर हात ठेवून हळूच म्हणाली, "मग मी हात कुणाला लावायचा?"

मी गुडघ्यांना शिव्या घालत शिडी चढले. पुसलेल्या जागेच्या कडेला रंगाचे थर दिसत होते, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे. आठ!

"हा सगळ्यात वरचा निळा?" लुदोविकाने विचारलं.

"माझा. खिडक्या रंगवून उरलेला."

"आणि हा हिरवट?"

"सासूबाईंचा. लढाईत सैनिकांच्या ट्रकचा रंग तेवढा मिळाला होता."

"सगळ्यात खालचा मात्र बोटांनी लावलाय. ठसे उमटलेत, पाहा."

मी त्या ठशावर बोट ठेवलं. माझ्या बोटाच्या निम्मा. कोण पोर होती कोण जाणे! गुराढोरांसाठी संत होते की. हिला मात्र त्यांना सांगता न येणारं काहीतरी मागायचं असणार. ऐकायला बाई हवी होती, म्हणून स्वतःच्या हातांनी करून घेतली.

"राहू दे," मी म्हटलं.

"राहू दे," खालून पाल्मिरा म्हणाली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा आमचं एकमत! महापौरांची काय बिशाद नाही म्हणायची?

पुसलं तेवढं उघडंच राहिलं, म्हणून आता आमच्या मातेला थोडी दाढी आहे. लोरेदाना तेव्हाच पदराला हात लावून आली. पण लुदोविकाने फलकाचा मजकूर वाचून दाखवला तेव्हा माझं डोकंच फिरलं. 'संत अंतोनियो. त्यावर अज्ञात, अकुशल हातांचे रंगकाम.'

"अकुशल? अज्ञात? नावं लिही आमची!"

लुदोविकाने पेन काढलं. "सांगा."

मी माझं सांगितलं. सासूबाईंचं सांगितलं, आजेसासूचं सांगितलं. पुढे तोंड उघडं, पण नाव येईना. पाच बायका राहिल्या होत्या. घराण्याच्या नावाने टेबलं बडवणारी मी!

लुदोविकाने दोन्ही शब्द खोडले आणि लिहिलं, 'आठ बायकांचे रंगकाम.' मग हळूच म्हणाली, "आजी, सगळ्यात वरच्या थरातले डोळे जरा तिरळे आहेत. ते कुणी काढले? नोंद करायची आहे."

"पदर माझा," मी म्हटलं. "डोळे सासूबाईंचे."

त्यांना जाऊन तीस वर्षं झाली. वर भेट झाली की माफी मागेन.