दाजींचा उभा वर्ग

आमचे दाजी बसत नाहीत. म्हणजे अजिबात नाहीत. पंगतीत उभ्याने जेवतात, न्हाव्याकडे उभ्याने दाढी करतात आणि एसटी रिकामी असली तरी दांडीला लोंबकळतात. माझ्या थोरल्या बहिणीला बघायला आले तेव्हा सगळे पोहे त्यांनी येरझारा घालत संपवले. आमचे वडील माझ्या कानाशी लागले, "पोरगं पळून जायच्या बेतात तर न्हाई ना?" दारावर पहारा ठेवायचं काम माझ्याकडे आलं. पण दाजी पळाले नाहीत. आक्काशी लग्न केलं आणि सेनगावला कॉलेजात इतिहास शिकवायला लागले. अर्थात चालत.

"बूड टेकलं की डोकं बी बसतं," हे त्यांचं लाडकं वाक्य. ते माझ्या पोटाकडे बघूनच म्हणायचं, अशीही पद्धत. मी कचेरीतल्या खुर्चीला वर्षानुवर्षं चिकटलेला माणूस.

ज्या मुलांना लिहा-वाचायला अडचण येते, ज्यांचं लक्ष एका जागी ठरत नाही, त्यांच्यासाठी कॉलेजने मदत कक्ष काढला आणि तो दाजींच्या गळ्यात घातला. खोली मिळाली ती खेळाचे भाले अन् थाळ्या ठेवायची. दाजी खूश. "खोली काहून पाहिजे? मैदान हाय की!" म्हणाले आणि पोरांना घेऊन फिरायला लागले. स्टाफरूममध्ये या कक्षाला 'वरात' म्हणत.

या वरातीत रेखा आली. तोंडी काहीही विचारा, घडाघडा सांगायची. कागदावर मात्र अक्षरं तिला दाद देत नसत. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला इतिहासात दोनदा आपटली होती. तिला बी.एड. करून मास्तरीण व्हायचं होतं आणि घरचे म्हणत होते, "औंदा निघाली तर निघाली, न्हाई तर बास झालं शिक्षण."

दाजींनी तिच्यासाठी रीतसर परवानग्या काढल्या. वेगळी खोली, जादा वेळ, उत्तरं लिहून घ्यायला लेखनिक म्हणून अकरावीतली एक मुलगी, आणि फिरत फिरत सांगायची मुभा. मग त्यांनी अख्खा इतिहास मैदानावर पेरला. फ्रान्सची क्रांती चिंचेखाली, रशियाची हापशापाशी, दुसरं महायुद्ध व्हॉलीबॉलच्या खांबाजवळ. "रेखा, हापसा!" दाजी ओरडायचे, की ती तिकडे जाता जाता झारचा निकाल लावून मोकळी. एका रविवारी मीही श्रोता म्हणून गेलो आणि महायुद्ध संपायच्या आत धापा टाकत खाली बसलो.

"तुमचं तर जपान झालं की ओ, काका!" रेखा म्हणाली.

पेपरच्या दिवशी केंद्रप्रमुखांनी दाजींना अट घातली. खोलीत पाऊल टाकायचं नाही, दारापुढून फिरायचंही नाही. खुणा केल्या असं उद्या कुणी म्हणायला नको. समोरच्या व्हरांड्यात खुर्चीवर बसून राहायचं. बसून! शेजारी पहाऱ्याला मी. दाढ काढायला आल्यासारखे दाजी खुर्चीत बसले होते.

दार उघडंच होतं. रेखाने पहिला प्रश्न ऐकला, दोन येरझारा घातल्या आणि थांबली. पुन्हा चालली. पुन्हा थांबली. लेखनिक मुलगी पेन धरून नुसती बघत होती.

"काय झालं, दाजी?"

"झाडं न्हाईत," दाजी पुटपुटले. चेहरा पार उतरला. "खोलीत चिंच कुठून येणार? येडा मी. सगळं केलं अन् हेच सुचलं न्हाई."

ते उठायला लागले. मी मनगट धरलं. "उठलात तर पोरीचा पेपर जाईल."

बसले. आता त्यांनीच माझं मनगट धरलं.

आत रेखाने कोपऱ्यातली केरसुणी उचलून भिंतीला उभी केली. पाण्याची बादली ओढत मधोमध आणली. मग एक रिकामं बाक फरफटत खिडकीशी नेलं.

पर्यवेक्षक मॅडम उठल्या. "अगं, हे काय चाललंय?"

"मैदान मांडून राहिले, मॅडम. ही चिंच, हा हापसा, तो खांब. नियमात बसतं न्हाई का?"

मॅडमनी परवानगीचा कागद नीट वाचला. "फिरायची मुभा आहे. बादली तेवढी सांडू नको."

मग काय! केरसुणीपाशी फ्रान्सचा राजा गेला, बादलीपाशी झार. बाकाला वळसा घालून हिटलर संपवला तेव्हा लेखनिक मुलगी हात झटकत म्हणाली, "ताई, जरा दमानं!" माझ्या घड्याळाचा पट्टा दाजींच्या मुठीत तुटला होता.

निकाल लागला. रेखा नुसती पास नाही, फर्स्ट क्लास आली. त्या दिवशी वरातीने खराच ताशा आणून मैदानाला फेरी मारली आणि तिच्यात अख्खी स्टाफरूम नाचली. मीही नाचलो, त्याचं वर्णन नको.

संध्याकाळी रेखा पेढे घेऊन दाजींच्या घरी आली. "सर, तुमाला कुणी शिकवलं हो असं, फिरवून?"

"कुणी न्हाई," दाजी खिडकीबाहेर बघत म्हणाले. "मास्तर बाकाला बांधून टाकायचे मला. आमच्या बापाच्या रुमालानं. बापच आणून द्यायचा."

आक्काचा हात तांब्यावरच थांबला. इतक्या वर्षांच्या संसारात हे तिलाही ठाऊक नव्हतं.

रेखाने पेढा मोडून अर्धा पुढे केला. "घ्या सर. औंदा दोघं बी सुटलो."

दाजींनी तो तोंडात घातला. मग एकदम माझ्यावर डाफरले, "काय बघून राहिले, पाव्हणे? वाटा की गल्लीत पेढे!"