शिक्का नसलेला खून

आपण रचलेला गुन्हा परिपूर्णच असणार, याबद्दल अभय वाघमारेला तिळमात्र शंका नव्हती. गुरुवारी संध्याकाळी त्याने विभागातल्या सात नंबरच्या वर्गात एक खून केला. म्हणजे, मांडला! स्वतःच जमिनीवर आडवं होऊन, हात पोचेल तिथवर खडू फिरवून मयताची आकृती काढली. शेजारी कोकम सरबताचं थारोळं, एकच चप्पल, फुटका चष्मा, उलटा पडलेला पेला आणि पावणेपाचला बंद पडलेलं चावीचं घड्याळ. दारावर कागद डकवला, ‘गुन्ह्याचे ठिकाण. आत येऊ नये.’ मग चार पावलं मागे सरकून त्याने स्वतःच्या कर्तबगारीकडे डोळे भरून पाहिलं आणि खुशीत बस पकडली.

अभय विद्यापीठात गुन्हेगारीशास्त्र शिकवायचा, पण तासिका तत्त्वावर. नेमणूक एका सत्रापुरती. सत्र संपलं की सरही संपले. त्या वर्षांत हिंजवडीत काचेच्या इमारती भराभर उठत होत्या आणि चुलतभाऊ संजय दर रविवारी येऊन ‘सॉफ्टवेअरचा कोर्स कर’ म्हणून डोकं खायचा. पण अभयला शिकवायचंच होतं, अगदी मनापासून. शिवाय पोस्टातून निवृत्त झालेल्या त्याच्या वडिलांनी, सीतारामरावांनी, आपला मुलगा प्रोफेसर असल्याचं अख्ख्या विश्रांतवाडीला सांगून ठेवलं होतं. ‘एका सत्रापुरता’ हे शब्द त्यांनी वाटेत कुठेतरी गाळले होते. शुक्रवारी विभागप्रमुख सुहासिनी मॅडम मागच्या बाकावर बसून अभयचा तास पाहणार होत्या आणि पुढच्या सत्राचं त्यावरच ठरणार होतं.

शुक्रवारी दहा वाजता बावीस विद्यार्थी भिंगं आणि टेपा घेऊन दारात उभे राहिले. मॅडम वही घेऊन आल्या. अभयने ऐटीत दार उघडलं आणि फिनेलचा भपकारा आला.

वर्ग लखलखत होता! खडूची रेघ नाही, थारोळं नाही. पेला विसळून टेबलावर पालथा घातलेला, चष्मा घडी करून त्याच्याशेजारी, चप्पल खिडकीत उन्हाला. घड्याळाला तर चावी दिलेली होती आणि ते बरोबर वेळ दाखवत होतं. अभयला हिंजवडीच्या काचा दिसू लागल्या.

तेवढ्यात वर्गातली सगळ्यांत हुशार मुलगी, अक्षता, आनंदाने म्हणाली, “सर, म्हणजे पुरावा नष्ट केलाय! सॉलिड केस आहे.”

“अर्थात,” अभयच्या तोंडून निघून गेलं. “शोधा बघू कोणी केला तो.”

मग काय विचारता! पोरं फरशीवर लोळली, ओल्या पावलांची मापं घेतली, फडक्याचा ओघळ जिन्यापर्यंत हुंगत गेली आणि पंधराव्या मिनिटाला जिन्याखाली चहा पीत बसलेल्या सफाईच्या गोदाबाईंना मोठ्या सन्मानाने पकडून घेऊन आली. गोदाबाई धायरीच्या. त्यांनी पदर खोचला, खुर्ची ओढली आणि साहेबासारख्या बसल्या.

“दारावरचा कागद वाचला नाहीत?” अक्षताने विचारलं.

“वाचला की. शिक्का न्हवता.”

विभागात शिक्क्याशिवाय लावलेली सूचना ही सूचनाच नव्हे, हा नियम खुद्द मॅडमचा. आणि तासिकावाल्यांच्या हाती शिक्का द्यायचा नाही, हा त्यांचाच दुसरा. मागच्या बाकावर कोणीतरी खोकलं. मॅडमच होत्या.

मग पोरांनी गोदाबाईंना काय काय पाहिलं ते विचारलं आणि बाई सुटल्या. चप्पल डाव्या पायाची, टाच बाहेरून झिजलेली. घड्याळ पावणेपाचला थांबलेलं. चष्म्याची उजवी काच फुटलेली, पण फरशीवर काचेचा तुकडा एकही नाही. म्हणजे तो फुटला दुसरीकडेच. अभयने पोरांसाठी पाच पुरावे ठेवले होते. गोदाबाईंनी नऊ सांगितले.

“आन् त्ये रगत न्हवतं. रगताला मुंग्या लागत्यात व्हय? चप्पल सरांची हाय, पेला सरांच्या टेबलावरला हाय. आन् खडूच्या माणसाचं प्वाट बी सरांचंच हाय.” बावीस जणांनी वळून अभयच्या पोटाकडे पाहिलं. “तवा खून सरांनीच केला, आन् म्येलं बी सरच.”

वर्ग टाळ्यांनी दणाणला. तास संपल्याची घंटा झाली तरी एकही पोर उठलं नाही. पुरावा म्हणजे काय, साक्षीदार म्हणजे काय, यावर ती तावातावाने भांडत बसली. अभयचं सत्रभराचं शिकवणं त्या एका तासात त्यांच्या डोक्यात शिरलं होतं. भीती विसरून तोही त्यांच्यात भांडायला बसला. इतका आनंद त्याला कधी झाला नव्हता.

मॅडमनी वही मिटली. “पुढच्या सत्रातही हे हवंच.”

अभय ताडकन उठून उभा राहिला. “आभारी आहे, मॅडम.”

“गोदाबाईंबद्दल बोलतेय मी,” मॅडम म्हणाल्या. “अर्थात, त्यांना पुसायला काहीतरी लागेलच. ते तुम्ही मांडत जा.”

सोमवारी नेमणुकीचा आदेश निघाला. अभयने घरी येऊन पहिली ओळ मोठ्याने वाचली आणि कागदाची घडी घातली. पण चाळीस वर्षं टपाल हाताळलेल्या माणसापासून कागद लपतो थोडाच! सीतारामरावांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं, ‘प्रात्यक्षिक : श्रीमती गोदाबाई. साहाय्य : श्री. अ. सी. वाघमारे.’

मग कागद पुन्हा घडी घालून परत देत ते हलकेच म्हणाले, “या बाई फार विद्वान दिसतात. नशीब काढलंस पोरा. त्यांच्या हाताखाली नीट शिकून घे.”

अभयने मान डोलावली. त्यात खोटं असं काहीच नव्हतं.