चार्ज घेणाऱ्याची सही

आंगणेकाका कुठेही बसण्याआधी एक प्रश्न विचारतात, "इथे आधी कोण बसायचं?" न्हाव्याच्या खुर्चीत विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, दाताच्या डॉक्टरकडे तोंडात कापूस कोंबलेला असतानाही विचारायचा प्रयत्न करतात. हर्नियाच्या ऑपरेशनसाठी हॉस्पिटलात होते तेव्हा त्यांनी सिस्टरला विचारलं, "या कॉटवर आधी कोण होतं?"

"होते एक आजोबा. सकाळीच गेले."

"घरी?"

सिस्टरने सलाइनची नळी उगाच सारखी केली. दुसरा कोणी असता तर त्याने कॉट बदलून मागितली असती. काका मला म्हणाले, "दिनेश, त्यांचा पत्ता घे रे. एकदा जाऊन यायला हवं. हा पंखा एवढा खडखडतो, त्यांना झोप कशी लागायची कोण जाणे."

मी पत्ता घेतला नाही. चिंचपोकळीच्या आमच्या चाळीत काकांची आणि माझी भिंत एक. त्यांचं सगळंच ऐकायचं ठरवलं असतं, तर मला माझी नोकरी सोडावी लागली असती.

नोकरी सुटण्याच्या बाबतीत मात्र काकांचा हात कोणी धरणार नाही. एकूण नऊ झाल्या. काका ज्या धंद्यात शिरायचे त्याला तीन-चार वर्षांत घरघर लागायची. टाइपरायटर दुरुस्त करणाऱ्या कंपनीत लागले, तर कॉम्प्युटर आले. टेलेक्स शिकले, फॅक्स आला. कॅसेटचं गोडाउन झालं, पेजर झाला, एसटीडी बूथ झाला, फोटोचे रोल धुणारी लॅब झाली. माझ्या वडिलांनी पहिला मोबाइल घ्यायच्या आधी काकांना गाठून विचारलं होतं, "मोबाइलच्या कंपनीत अर्ज नाही ना केलास?"

"केला होता. घेतलं नाही त्यांनी."

त्या संध्याकाळी वडील निर्धास्तपणे मोबाइल घेऊन आले.

प्रत्येक वेळी नवीन काम शिकायचं, नव्या साहेबाला नमस्कार करायचा, आपल्याहून दहा वर्षांनी लहान माणसाला सर म्हणायचं. त्यांची आई होती तोवर ती दर नोकरीला देवापुढे साखर ठेवायची. नंतर काका स्वतःच ठेवायचे आणि स्वतःच खायचे. लग्न राहिलंच. "प्रोबेशन संपू दे," असं म्हणता म्हणता केस पांढरे झाले.

त्या प्रश्नाचं मूळ पहिल्या नोकरीत आहे. टाइपरायटर कंपनीत काकांना एक टेबल दाखवलं आणि बस म्हणून सांगितलं. खणात कोणाचा तरी चष्मा होता, एक बामची डबी होती. काकांनी शिपायाकडून पत्ता काढला आणि रविवारी सहा केळी घेऊन फणसवाडीत त्या माणसाच्या घरी गेले. चष्मा परत द्यायला. त्या गृहस्थांना एका शुक्रवारी सोमवारपासून येऊ नका म्हणून सांगितलं होतं. ते तीन तास बोलत बसले. कुठल्या मशीनचा कुठला स्क्रू सैल असतो, कोणत्या साहेबाला कधी गाठायचं, सगळं सांगितलं. निघताना ते काकांचा हात सोडेचनात. म्हणाले, "तुम्ही आलात, बरं झालं. मी तिथे एकवीस वर्षं होतो हे आता आणखी एकाला माहीत आहे."

"याला म्हणतात चार्ज घेणं," काका आम्हांला सांगायचे. "नुसतं खुर्चीत बसणं म्हणजे चार्ज नव्हे, मेल्यांनो."

तेव्हापासून प्रत्येक नोकरी संपताना काकांनी आपल्या मागून येणाऱ्यासाठी शंभर पानी वही लिहिली. मी त्या वाचल्या आहेत. 'कपाटाचं दार उजव्या खांद्याने ढकलावं.' 'साहेबांचा गुरुवारी उपास असतो, त्या दिवशी रजा मागू नये.' 'कुळकर्णीबाई मिस्टर गेल्यापासून डबा एकट्या खातात. आपली खुर्ची त्यांच्या बाजूला न्यावी. काही विचारू नये.' शेवटच्या पानावर खाली डावीकडे 'चार्ज देणाऱ्याची सही' आणि उजवीकडे 'चार्ज घेणाऱ्याची सही'. डावीकडे सगळीकडे काकांची वळणदार सही आहे. उजवीकडे पहिल्या आठही वह्या कोऱ्या, कारण त्या खुर्चीत त्यांच्यानंतर कोणी बसलंच नाही. खुर्ची राहिली तर माणूस येणार ना!

नववी नोकरी परळच्या काचेच्या इमारतीत लागली. टपालाची आवक-जावक पाहायची. काकांनी इथे बारा वर्षं काढली आणि कंपनीही टिकली. काका हरखून गेले होते. निवृत्तीच्या दिवशी तिथल्या मॅडमनी हसत सांगितलं, "नवीन माणूस रविवारी पाठवते हं तुमच्याकडे." काकांनी ते खरं मानलं.

रविवारी सकाळपासून त्यांची लगबग चाललेली. माझी चांगली खुर्ची मागून नेली, माझ्या बायकोकडून घावणे करून घेतले. वही नवीन कव्हर घालून टेबलावर ठेवली, वर पेन. दुपारपर्यंत ते कॉमन गॅलरीत उभे होते. चारला आत गेले. पुढच्या रविवारी पुन्हा खुर्ची न्यायला आले. तिसऱ्या रविवारी मीच त्यांना ऑफिसात फोन करायला लावला. टपाल आता सगळं ईमेलवर गेलं होतं. टेबल हलवलं होतं. तिथे एक मोठी कुंडी ठेवली होती.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, चार वाजता तिथे थेट ऊन येतं. पडदा ओढायला सांगा कोणाला तरी. पानं जळतील." फोन ठेवून त्यांनी खुर्ची उचलली आणि माझ्या घरी आणून ठेवली. मी हसलो होतो. चाळभर ती कुंडीची गोष्ट मीच सांगितली.

आता चाळ पाडणार आहेत. बहुतेक बिऱ्हाडं उठली. मी डोंबिवलीला जागा घेतली, काका पनवेलला भाच्याकडे जाणार होते. गेल्या रविवारी माझा टेम्पो भरून झाला, तेव्हा मी निरोप घ्यायला डोकावलो. काका स्टोव्हपाशी होते. टेबलावर वही होती. दहावी. वर लिहिलं होतं, 'खोली नंबर २७'.

मी उघडली. 'नळ सव्वापाचला येतो. पहिली बादली गढूळ, ती झाडांना घालावी.' 'खिडकीची कडी लागत नाही, पेपरची घडी सरकवावी.' आणि त्याखाली, 'शेजारी दिनेश. रविवारी डोकावतो. घाईत असतो. चहा विचारला की नको म्हणतो. तरी आधण ठेवावं. बसतो.'

मला स्वतःची अतिशय लाज वाटली. वीस वर्षं मी या माणसाला किस्सा म्हणून वापरला होता. मी पेन उचललं. "काका, मी घेतो चार्ज. सही करतो."

काकांनी माझ्या हातातून वही अलगद काढून घेतली.

"तुझी नाही चालत रे. चार्ज घेणारा मागे राहणारा लागतो. तू पण चाललास."

"पण काका, इथे कोण येणार आहे? पुढच्या महिन्यात पाडतायत."

"ठाऊक आहे मला. म्हणून काय चार्ज न देता जायचं?"

त्यांनी वही पुसून पुन्हा टेबलावर ठेवली, वर पेन ठेवलं. मग विचारलं, "चहा घेणार?"

"नको," मी सवयीने म्हणालो. आधण आधीच ठेवलेलं होतं. मी ट्रंकेवर बसलो.

"पनवेलची खोली कशी आहे?" काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं.

"बरी आहे. मी भाच्याला विचारलं, इथे आधी कोण राहायचं?" काका कपात चहा गाळत होते. "म्हणाला, कोणी नाही मामा, अडगळ ठेवायचो."

खाली टेम्पोवाला हॉर्न देत होता. काकांनी कप माझ्यापुढे सरकवला आणि ते माझ्याकडे बघत राहिले, घाई करतो की काय म्हणून.