ओळ सांग, मग बोल

घाडीकाकांना कधीही "तिथे जरा खाली लिहिलंय बघा" असं सांगू नका. मी एकदा सांगितलं होतं. सोसायटीच्या बोर्डावर टाकी धुण्याची नोटीस लागली होती, काका चष्मा कपाळावर चढवून तिच्याकडे बघत उभे होते आणि मी ऑफिसला पळत होते. "कविता, पाणी कधी येणार गो?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "खाली लिहिलंय काका." संपलं! "खाली म्हणजे कुठे? खाली वॉचमन पण बसलाय. ओळ सांग." बाहेर रिक्षावाला हॉर्न मारतोय आणि मी बोर्डावर बोट ठेवून ओळी मोजतेय. "सातवी," मी म्हटलं. काका म्हणाले, "मोकळ्या ओळी धरून, की सोडून?"

हे आमचे वसंत घाडी. मुलुंड पूर्वेला आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहतात. एका बँकेच्या कॉम्प्युटर खात्यातून रिटायर झाले. लग्न केलं नाही. थोरली बहीण सुलूताई, तीही बिनलग्नाची. दोघंच घरात. वडील कुडाळकडून येऊन परळच्या गिरणीत लागले होते, आणि गिरणीतल्या गणपतीत नाटकं व्हायची. सुलूताई परकर नेसायच्या वयापासून त्या नाटकांत कामं करायची आणि वसंता विंगेत वही धरून तिला शब्द द्यायचा. गिरणी गेली, परळ सुटलं, पण हे काही सुटलं नाही. आमच्या मुलुंडच्या हौशी नाटक मंडळीत आजही सुलूताई स्टेजवर आणि घाडीकाका विंगेत. फक्त वहीच्या जागी लॅपटॉप आला.

आणि लॅपटॉप तरी कसला! उघडला की काळी खिडकी आणि पांढरी अक्षरं. चित्र नाही, बटण नाही, माउस तर काकांना उंदराइतकाच नकोसा. नाटकाची संहिता त्यांना साध्या टेक्स्ट फाईलमध्येच लागते. आमच्या दिग्दर्शकाने, म्हणजे नितीनने, एकदा छान सजवलेली, ठळक अक्षरांची, पानं पाडलेली संहिता पाठवली, तर काकांनी ती अस्पृश्य असल्यासारखी परत केली. "पानावर माझा विश्वास नाही," ते म्हणाले. "अक्षर मोठं केलंस की पान बारा, बारीक केलंस की पान नऊ. ओळीचं तसं नाही. एंटर मारलास की ओळ संपली, मग तू चेंबूरला उघड नाहीतर मालाडला."

मी मंडळीत लाइट्स सांभाळते. लाइटवाल्याला कुठल्या वाक्यावर अंधार करायचा, कुठे निळा टाकायचा हे पक्कं लागतं, म्हणून काकांनी मला शिष्य केलं. मी काही मागे लागले नव्हते. cat -n लिहिलं की सगळी फाईल नंबर घालून समोर येते. grep -n लिहून पुढे एखादा शब्द दिला की तो शब्द कुठल्या कुठल्या ओळीत आहे ते नंबरासकट कळतं. sed -n लिहून 'इथपासून तिथपर्यंत' सांगितलं की तेवढ्याच ओळी दिसतात. एवढं मला त्यांनी चहाच्या कपावर शिकवलं. मी एकदा हुशारी करून nl ही नंबर घालायची दुसरी कमांड वापरली, तर माझे सगळे नंबर त्यांच्याशी जुळेनात. कारण nl मोकळ्या ओळी मोजतच नाही! काका असे खवळले जणू मी त्यांच्या घरातलं माणूस हाकलून दिलं. "मोकळी ओळ मोजायची नाही? अगो, मोकळी ओळ म्हणजे नटाचा श्वास. तो काय फुकट घेतो तो?"

सुरुवातीला ते सुलूताईलाही नंबरच द्यायचे. ती स्टेजवर अडली की विंगेतून कुजबुज यायची, "एकशे चाळीस!" एकदा ती तालमीत वळून ओरडली, "मेल्या, आकडो नको माका, शब्द दी!" तेव्हापासून तिच्यापुरता त्यांनी नियम सोडला. जगात तेवढ्या एकाच माणसासाठी.

यंदाच्या नाटकात तर आमची वाट लागायचीच बाकी होती. झालं असं की माझे सगळे लाइट फाईलीतल्या नंबरांवर बांधलेले. पहिल्या सलग तालमीच्या आदल्या दिवशी नितीनने फाईल उघडली, त्याला पहिल्या ओळीवरच नाटक सुरू झालेलं बघून कसंसंच झालं, आणि त्याने वर भक्तिभावाने '॥ श्री ॥' टाकलं. खाली एक मोकळी ओळ सोडली. सगळं नाटक दोन ओळींनी खाली घसरलं! काका नव्या फाईलवरून माझ्या कानातल्या इअरफोनवर नंबर देतायत, मी माझ्या जुन्या नंबरांप्रमाणे खटके दाबतेय. मुलगा म्हणतो, "आई, मी आलो," आणि मिट्ट काळोख. आई रडायला लागली की लख्ख उजेड.

कारण सापडल्यावर काका नितीनवर तुटून पडले. "देवाला मनातल्या मनात नमस्कार कर ना रे! फाईलीत कशाला?" नितीन म्हणाला, "मग काढून टाका." आता काका घाडी, पिढ्यानपिढ्या गावच्या देवाला गाऱ्हाणं घालणाऱ्यांतले. देवाचं नाव स्वतःच्या हाताने डिलीट करणार? हात की-बोर्डवर धरून बराच वेळ बसले. शेवटी त्यांनी श्री, खालच्या मोकळ्या ओळीसकट, उचलून फाईलच्या शेवटी नेऊन ठेवला. "देव थांबतो शेवटपर्यंत," म्हणाले, "त्याला घाई नाही."

इथपर्यंत सगळी गंमत. पण त्या तालमींत दुसरंही काही चाललं होतं आणि ते गमतीचं नव्हतं. सुलूताई उड्या मारायला लागली होती.

नाटकात ती आई. मुलगा तिला न्यायला येतो आणि घर विकू या म्हणतो. तो येतो तेव्हा आई विचारते, "चहा टाकू का रे?" आणि शेवटी तो निघतो तेव्हाही तेच विचारते. सुलूताईची गाडी या पहिल्या चहावरून थेट शेवटच्या चहावर जायची. मुलगा आत्ता आलेला, चपलासुद्धा काढलेल्या नाहीत, आणि ही त्याला डोळ्यांत पाणी आणून निरोप द्यायची! पहिल्यांदा आम्ही हसलो. दुसऱ्यांदा कुणी हसलं नाही. काका विंगेत चहा या शब्दावर ग्रेप मारायचे, म्हणजे grep ने तो शब्द शोधायचे, दोन नंबर यायचे, त्यातला वरचा धरून तिला हळूच पुढचा शब्द द्यायचे, आणि ती बहुतेक वेळा परत यायची. बहुतेक वेळा. "मेलं पाठांतरच धड नाही झालं यंदा," ती म्हणायची. पण मी तिला एकदा आमच्या दाराच्या कुलपात स्वतःच्या घराची किल्ली फिरवताना बघितलं होतं. मी तिला तिच्या दारापर्यंत सोडून आले.

नितीन वाईट माणूस नाही, पण त्याला समोर आलेली नाट्यस्पर्धा दिसत होती. त्याने रंगीत तालमीआधी मला आणि काकांना बाजूला घेतलं. "आज सुलूताई एकदा जरी घसरल्या ना, तर मी त्यांचं काम मधुराला देणार. तिचं पाठ आहे." मधुरा आमची नाटकातली सून. काका लॅपटॉप उघडून विंगेतल्या खुर्चीवर जाऊन बसले.

शाळेच्या हॉलमध्ये दुपारी तालीम सुरू झाली. मी मागे लाइटच्या टेबलापाशी, कानात काकांचा आवाज. मुलगा आला. आईने विचारलं, "चहा टाकू का रे?" मुलगा म्हणाला, "टाक." आणि सुलूताई थांबली. मला कानात की-बोर्डची टकटक ऐकू आली, आणि लगेच काकांची कुजबुज, "साखर कमीच ना तुझी?" बरोब्बर हेच पुढचं वाक्य. माझ्यासमोरही तीच फाईल होती, मी बोट ठेवून बघितलं. काकांनी पुन्हा शब्द दिला, "साखर..." सुलूताईने मान वर केली आणि मुलाच्या तोंडावरून हात फिरवत म्हणाली, "आता परत कधी येशील रे?"

शेवटचं पान. सगळं नाटक गेलं. पलीकडच्या विंगेत मधुरा एंट्रीला उभी होती ती तशीच राहिली.

"थांबा!" नितीन खुर्चीवरून उठला. "सुलूताई, अहो..."

आणि विंगेतून घाडीकाका बाहेर आले. लॅपटॉप दोन्ही हातांत, ताटासारखा. "नितीन, तिला बोलू नकोस. चूक माझी आहे. ग्रेपला दोन नंबर आले, मी खालचा घेतला. चुकीच्या ओळीवरचा शब्द दिला मी तिला. तिने बिचारीने दिला तसा उचलला."

अहो, हा माणूस! ज्याने मला मोकळ्या ओळीवरून झाडलं, देवाला फाईलीत जागा बदलायला लावली, तो सगळ्यांसमोर सांगत होता की माझा नंबर चुकला. आणि मला माहीत होतं, त्या हॉलमध्ये फक्त मलाच माहीत होतं, की नंबर चुकला नव्हता. मी वाकून उगाच वायरी बघायला लागले.

नितीनला तर निमित्तच मिळालं. "तरी मी सांगत होतो काका! त्या काळ्या खिडकीपायी आख्खं नाटक बुडवाल तुम्ही." पण खरा घाव पुढेच होता. सुलूताईचा चेहरा असा उजळला की मी तो विसरणार नाही. "बघा!" ती सगळ्यांकडे वळून म्हणाली. "मी काय विसरतेय का? हाच मेला मला भलतंसलतं सांगतो! वसंता, लाज नाय तुका? या वयात माझी अब्रू घालवतोस?"

"होय गो बाय," काका म्हणाले. "चुकलंच माझं."

मग नितीनने निकाल दिला. काम सुलूताईकडेच राहील, पण विंगेत काका नकोत. मी बसायचं, आणि लाइट्स तो स्वतः बघेल. काकांनी तिथल्या तिथे लॅपटॉप माझ्या हातात दिला.

शाळेच्या पायऱ्यांवर मी त्यांना गाठलंच. "काका, तुम्ही खोटं का बोललात? मी ऐकलंय सगळं."

ते बूट घालत होते. नाडी बांधून झाली तरी उठले नाहीत. "ती डॉक्टरकडे येत नाही गो. 'माका काय झाला?' म्हणते. हे नाटक झालं की नेणार आहे मी तिला, धरून नेणार. पण आज इथून काढली असती ना, तर ती पुन्हा घराबाहेर पडली नसती. भिंतीकडे बघत बसली असती." मग नाडी पुन्हा सोडून पुन्हा बांधत म्हणाले, "ती मला विसरली तर मी कुणाकडे जाऊ? मला तिच्याशिवाय कोण आहे?"

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. मग त्यांनीच शिकवायला सुरुवात केली. "चहा आला की लगेच ग्रेप मार. दोन नंबर येतील, वरचा घे. हळू वाच. तिने नाही उचललं तर तेच वाच, घाबरून पुढचं वाचू नकोस. आणि शब्द देताना तिच्याकडे बघू नकोस. तिला वाटायला नको, कुणी सांगतंय म्हणून."

स्पर्धेचा प्रयोग विलेपार्ल्याच्या एका हॉलमध्ये दुपारी लागला. मी काकांचा लॅपटॉप मांडीवर घेऊन विंगेत बसले होते. पडद्याच्या फटीतून काका दिसत होते, तिसऱ्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून, हात मांडीवर. एवढ्या वर्षांत त्यांनी आपल्या बहिणीला स्टेजवर समोरून कधी बघितलंच नव्हतं. विंगेतून दिसते ती बाजू आणि पाठ. आता ती समोरून बोलत होती आणि काकांचे ओठ तिच्या प्रत्येक वाक्याबरोबर हलत होते.

चहा आला. ती थांबली. मी शब्द दिला. नाही उचलला. पुन्हा दिला, खाली बघून, हळू. "साखर कमीच ना तुझी?" सुलूताई मुलाला म्हणाली, इतक्या सहज की थांबणंही अभिनयच वाटलं असेल लोकांना. पुढे तिने आणखी तीन-चारदा माझा शब्द घेतला, पण उडी मारली नाही. शेवटी मुलगा निघाला तेव्हा मागच्या रांगांतून बायका नाक ओढताना ऐकू येत होत्या. तिसऱ्या रांगेत काका चष्मा पुसत होते.

पडदा पडल्यावर काका आत आले ते कडेला उभे राहिले, बहिणीभोवती गर्दी होती म्हणून. सुलूताईने गर्दीतून त्यांना बघितलं आणि तरातरा पुढे आली. तोंडावरचा रंग घामाने ओघळलेला, पण डोळे नुसते चमकत होते.

"बघितलंस वसंता? आज माझो एक शब्द तरी चुकलो? तू नाय होतस म्हणान!"

काकांनी तिच्या खांद्यावरची घसरलेली शाल नीट केली.

"होय गो बाय," ते म्हणाले. "मी नव्हतो म्हणूनच."